डीटी-८३०डी : चालू न होणाऱ्या बाईकसाठी दोनशे रुपयांचा पिवळा मल्टीमीटर

इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात काउंटरमागे टांगलेला असतो तोच हा. पिवळा किंवा काळा, मधोमध गोल फिरकी, खाली तीन भोकं, लाल-काळ्या दोन वायरी. डब्यावर नाव कुणाचंही असो, आतलं डिझाइन एकच, डीटी-८३०डी. किंमत दोनशे रुपयांच्या आगेमागे. घेताना शेवटचं अक्षर ‘डी’ आहे ना ते बघा, कारण ‘८३०बी’मध्ये बझर, म्हणजे वायर सलग असली की वाजणारा बीप, नसतो. बझरवर किती विसंबायचं हा प्रश्न वेगळा, तो पुढे येईलच.

बाईक चालू होत नाही म्हणून ढकलत गॅरेजला नेली की बऱ्याचदा अंदाजाने पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी प्लग, मग बॅटरी, मग सीडीआय (प्लगची ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा). या मीटरने निदान इलेक्ट्रिकच्या बाजूचा दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कळतं. अट एकच : कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा हे माहीत हवं. डीसी व्होल्टला हा मीटर खरा आहे, ओहमला अर्धामुर्धा, आणि ‘बीप’ला चक्क फसवा.

मीटर हातात घेण्याआधी फुकटातल्या गोष्टी उरकून घ्या. किल स्विच ‘रन’वर आहे का? पेट्रोलचा कॉक बंद तर नाही? साइड स्टँड वर आहे का, गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का? बीएस-६ गाडी आडवी पडली असेल तर टिप-ओव्हर सेन्सरने इंजिन बंद केलेलं असतं. चावी बंद करून पुन्हा चालू केली की बहुतेक गाड्या सोडतात. एवढ्याने भागलं तर मीटर डब्यातच राहू द्या.

आता व्होल्ट. काळी वायर ‘कॉम’मध्ये, लाल वायर मधल्या भोकात, फिरकी डीसीच्या २० वर. गाडी बंद, चावी बंद. पिना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवा. १२.६ ते १२.८ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे तळाला आलेली. ११.८ च्या खाली सेल्फची अपेक्षाच ठेवू नका. गाडी नुकतीच चालवली असेल किंवा चार्जर नुकताच काढला असेल तर तासभर थांबून मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज दिसून आकडा फुगतो. या मीटरची डीसीतली चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास धरली तर १२.६ च्या जागी १२.५ किंवा १२.७ दिसू शकतं. त्यामुळे दशांशातल्या शेवटच्या आकड्यावर डोकं खपवण्यात अर्थ नाही.

उभ्या गाडीत १२.६ दिसलं म्हणून बॅटरी चांगली असं मात्र होत नाही. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. प्लेटांवर सल्फेट धरलेली बॅटरी आरामात १२.६ दाखवते आणि सेल्फ दाबला की ७ वर कोसळते. म्हणून पिना टर्मिनलवर तशाच धरून दुसऱ्याला सेल्फ दाबायला सांगा, तीन-चार सेकंद. आकडा १० च्या वर टिकला तर बॅटरी ठीक. ९.६ च्या खाली गेला तर आधी चार्ज करून पुन्हा बघा, आणि चार्ज करूनही तसाच कोसळत असेल तर बदला. चार्ज करताना अ‍ॅम्पिअर-अवरचा (बॅटरीवरचा ‘एएच’ आकडा) दहावा भाग हा हिशेब ठेवायचा : ३ एएचला ०.३ अ‍ॅम्पिअर, ५ एएचला ०.५. कारचा मोठा चार्जर लावून तासाभरात भरायला गेलात तर छोटी एमएफ (पाणी न घालायची, बंद) बॅटरी फुगते.

बॅटरी ठणठणीत आहे, सेल्फ दाबल्यावर नुसतं ‘टक’ वाजतं किंवा मोटर कण्हत फिरते, अशा वेळी या मीटरची खरी किंमत वसूल होते. व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत वाटेत किती व्होल्ट खाल्ले जातात ते, मोजायचा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, म्हणजे खुद्द टर्मिनलच्या धातूवर, वायरच्या थिंबलवर किंवा बोल्टवर नाही. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या जागी. सेल्फ दाबा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थिंगच्या वायरीत किंवा तिच्या बोल्टाखाली गंज आहे. बोल्ट उघडा, थिंबल आणि चेसिसची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, थोडं पेट्रोलियम जेली लावून आवळा. पावसाळ्यानंतर ‘सेल्फ मेला’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत मोटर न उघडता एवढ्यावरच भागणाऱ्या गाड्या पुष्कळ असतात.

प्लसच्या बाजूला तेच : लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी पिन सेल्फ मोटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर. सेल्फ न दाबता इथे पूर्ण १२ व्होल्ट दिसतील, घाबरू नका. मोटरच्या आतून तो बोल्ट अर्थला जोडलेला असतो म्हणून तसं दिसतं. म्हणूनच इथे फिरकी २० वरच ठेवायची. २००० मिलिव्होल्टवर ठेवली तर रेंजबाहेर गेल्याचा नुसता ‘१’ दिसत राहतो. सेल्फ दाबल्यावर आकडा ०.५ च्या खाली यायला हवा. जास्त राहिला तर आता दोन्ही पिना स्टार्टर रिलेच्या (सेल्फ दाबल्यावर मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) दोन जाड बोल्टांवर ठेवून तेच करा. ०.२ च्या वर असेल तर रिलेचे पॉइंट जळालेत. रिले ‘टक’ वाजतोय म्हणजे तो चांगला आहे, हा समज गॅरेजमध्येही पक्का बसलाय. ‘टक’ फक्त आतली कॉइल ओढते एवढंच सांगतो, पॉइंटमधून करंट जातो की नाही हे सांगत नाही.

व्होल्टला खरा म्हटलं खरं, पण त्यातही एक खोड आहे. मीटरच्या आतली चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी उतरली की हा मीटर सगळं वाढवून दाखवायला लागतो. उभ्या गाडीच्या बॅटरीत १४-१५ दिसलं तर रेग्युलेटरला (चार्जिंगचे व्होल्ट आवरणाऱ्या डब्याला) शिव्या घालण्याआधी मीटरची बॅटरी बदला. आपोआप बंद होण्याची सोय यात नाही. फिरकी ‘ऑफ’वर न आणता डिकीत टाकला की थोड्याच दिवसांत ही वेळ येते. ताडून बघायला नवा पेन्सिल सेल जवळ ठेवा, तो दीड व्होल्टच्या थोडं वर दाखवायला हवा.

आता बझर. पिना स्विचच्या दोन वायरींना लावल्या, बीप वाजला, स्विच चांगला. असं वाटतं खरं, पण गंजलेल्या स्विचमध्ये वीस-तीस ओहमचा अडथळा असला तरी बझर खुशाल वाजू शकतो. त्याच स्विचमधून स्टार्टर रिलेच्या कॉइलला दोन-तीन अ‍ॅम्पिअर जायचे असतात, ते तेवढ्या अडथळ्यातून जाणारच नाहीत. बीप ऐकू नका, २०० ओहमवर आकडा बघा. त्याहून चांगलं म्हणजे स्विच जागेवर जोडलेलाच ठेवून चावी चालू करा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा आणि लाल पिन आधी स्विचच्या आत येणाऱ्या वायरीवर, मग बाहेर जाणाऱ्या वायरीवर टेकवा. आत १२.३ आणि बाहेर १०.९ असेल तर स्विचच चोर. किल स्विच, ब्रेक स्विच, इग्निशन लॉक, क्लच स्विच, सगळ्यांना हीच पद्धत. कनेक्टरच्या मागून शिरायला मीटरची जाड पिन चालत नाही. शिवणकामाची टाचणी वायरीच्या कडेने आत सरकवा आणि पिन टाचणीला लावा. वायरीचं प्लास्टिक टोचून भोक पाडू नका, पुढच्या पावसाळ्यात तिथूनच हिरवा गंज आत शिरतो.

एका बाबतीत दहा-पंधरा रुपयांचा बल्ब या मीटरला हरवतो. ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी, टोकाला क्रोकोडाइल क्लिप. तो पावणेदोन अ‍ॅम्पिअर ओढतो. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर तिथे १२.४ दाखवेल, पण बल्ब लावला की तो मिणमिणेल. मीटरबरोबर असा बल्ब करून ठेवाच. मात्र ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) किंवा सेन्सरच्या वायरींना तो कधीही लावायचा नाही.

सेल्फ जोरात फिरतोय किंवा किक नीट बसतेय, तरी गाडी लागत नाही, म्हणजे प्रश्न करंट, पेट्रोल किंवा कॉम्प्रेशनचा. आधी करंट. प्लग काढा, कॅपमध्ये बसवा, त्याचा धातू इंजिनला घट्ट टेकवून किक मारा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असेल तर त्या तोंडापासून लांब. निळी, कडक आवाजाची ठिणगी हवी. पिवळी-लाल, बारीक असेल तर कमजोर. प्लग अर्थला न टेकवता कॅप हवेत ठेवून किक मारू नका, सीडीआय किंवा कॉइलचं इन्सुलेशन त्याने फुटू शकतं. आणि हा मीटर प्लगच्या वायरीला लावायचा विचारही करू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.

ठिणगी नाही, तर फिरकी ओहमकडे. पहिलं काम, दोन्ही पिना एकमेकींना टेकवून २०० च्या रेंजवर काय दिसतं ते बघा. या मीटरच्या वायरी इतक्या हलक्या असतात की नुसत्या वायरींचाच ०.३ ते ०.८ ओहम येतो. तो प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. सीडीआयवाल्या गाडीत प्लगला करंट देणाऱ्या कॉइलची प्रायमरी (आत येणाऱ्या बाजूची गुंडाळी) अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा कमीच असते, म्हणजे वायरींचीच चूक मापाएवढी. त्यामुळे प्रायमरी तुटलेली आहे का एवढं हा मीटर सांगेल, आतल्या आत शॉर्ट आहे का ते सांगू शकणार नाही. सेकंडरी (प्लगकडची गुंडाळी) काही हजार ओहमची असते, तिथे २०के रेंज चांगली चालते. प्लगची कॅप वेगळी काढून मोजा, रेझिस्टर असलेली कॅप बहुधा ५ किलोओहमची असते. मीटर ‘१’ दाखवत असेल तर कॅप आतून जळालीय. नवी कॅप कॉइलच्या मानाने अगदीच स्वस्त, म्हणून कॉइल बदलण्याआधी ती मोजावी. नाहीतर चांगली कॉइल भंगारात जाते आणि नव्या कॉइलबरोबर आलेल्या नव्या कॅपमुळे गाडी चालू होते.

पिकअप कॉइल (ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देणारी) शंभर ते पाचशे ओहमच्या दरम्यान कुठेतरी असते, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये निळी-पिवळी वायर पिकअपची, हिरवी अर्थची, काळी-पांढरी किल स्विचची, काळी-लाल एक्सायटर कॉइलची (सीडीआयला करंट देणारी मॅग्नेटची कॉइल), नुसती काळी म्हणजे चावीनंतरचा प्लस. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने लागते, अशी तक्रार असेल तर पिकअप कॉइल थंड असताना मोजून काही उपयोग नाही. गाडी बंद पडल्यावर लगेच मोजा. थंडपणी २०० ओहम आणि गरमपणी ‘१’ म्हणजे निकाल लागला. किक मारताना पिकअपचा पल्स मोजावा म्हटलं तर या मीटरची एसीतली सगळ्यात छोटी रेंजच २०० व्होल्टची. तो इवलासा पल्स तिच्यात दिसतच नाही. गाडीच्या कामापुरतं बोलायचं तर या मीटरची सगळ्यात मोठी उणीव हीच.

जुन्या १०० सीसी गाड्यांत बहुधा एसी सीडीआय असतो. त्याला करंट बॅटरीतून नाही, मॅग्नेटच्या कॉइलमधून मिळतो. तिथे ठिणगी नसेल तर बॅटरी बदलून पैसे वायाच जाणार. अशा गाडीचा किल स्विच वायर तोडत नाही, अर्थ करतो. म्हणून सीडीआयवरून काळी-पांढरी वायर सोडवून किक मारा. ठिणगी परत आली तर सीडीआय निर्दोष, दोष लॉकमध्ये, किल स्विचमध्ये किंवा हँडलपाशी घासलेल्या वायरीत. ही परीक्षा मीटरशिवाय होते आणि एका सीडीआयचे पैसे वाचवते.

मॅग्नेट कॉइल आणि चार्जिंग. इंजिन चालू करून मध्यम रेसवर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १३ च्या खाली राहिले तर चार्जिंग नाही, १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर गेला. तीन पिवळ्या वायरींची कॉइल असेल तर तिचा कनेक्टर काढून दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्ट मोजा. इथे आकड्याला नाही, सारखेपणाला महत्त्व द्या. हा मीटर घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनलाय, रेस वाढली की मॅग्नेटची फ्रिक्वेन्सी त्याच्या आवाक्याबाहेर जाते. तिन्ही जोड्या ४५ च्या आसपास म्हणजे ठीक. दोन ४५ आणि एक २० म्हणजे कॉइल जळालेली. तीन वायरींच्या कॉइलची कुठलीही वायर अर्थशी जुळता कामा नये. जुन्या सिंगल फेज गाड्यांत मात्र कॉइलचं एक टोक मुद्दामच अर्थला असतं, तिथे बीप वाजला म्हणून कॉइल काढायला घेऊ नका.

एक गंमत : फिरकी चुकून एसी २०० वर राहिली आणि बॅटरी मोजली तर हा मीटर पंचवीसच्या पुढचा आकडा दाखवतो, पिना उलट्या केल्या तर शून्य. मीटर बिघडलेला नाही, त्याचं एसीचं सर्किटच तितकं साधं आहे.

रात्री ठीक लावलेली गाडी चार-पाच दिवसांनी मेलेली, म्हणजे करंट गळतोय. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, ती वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर जोडा. आधी १० अ‍ॅम्पिअरच्या भोकातून, तिथे शून्याच्या आसपास असेल तर लाल वायर मधल्या भोकात आणून २०० मिलिअ‍ॅम्पवर. साध्या गाडीत एक-दोन मिलिअ‍ॅम्पच्या वर काही नको. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा जीपीएस असेल तर थोडं जास्त. २० मिलिअ‍ॅम्प गळत असतील तर दिवसाला जवळपास अर्धा अ‍ॅम्पिअर-अवर जातो, ३ एएचची बॅटरी आठवड्याच्या आत साफ. रेग्युलेटरचा कनेक्टर काढून बघा, मग एकेक जोडणी. मीटर असा जोडलेला असताना चावी लावली किंवा सेल्फ दाबला की आतला फ्यूज उडतो. त्यानंतर व्होल्ट नीट दिसत राहतात आणि मिलिअ‍ॅम्प कायम शून्य, मग माणूस ‘गळती नाही’ म्हणून निर्धास्त होतो. शंका आली तर स्पीडोमीटरमधला १.७ वॅटचा छोटा बल्ब मीटरमधून पेटवून बघा, १४० च्या आसपास यायला हवं.

आणि काम झालं की लाल वायर १० अ‍ॅम्पिअरच्या भोकातून काढाच. त्या भोकाला फ्यूज नाही. वायर तिथेच ठेवून बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट असतो, वायरी हातात वितळतात.

एफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत या मीटरचं काम कमी, पण आहे. चावी लावल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू यायला हवी. नसेल तर फ्यूज, रिले आणि पंपाच्या कनेक्टरला १२ व्होल्ट पोचतात का ते बघा. पिना आधी लावायच्या, चावी नंतर, कारण सप्लाय तेवढे दोन-तीन सेकंदच असतो. व्होल्ट आले आणि पंप गप्प तर पंप गेला. इंजेक्टरची कॉइल साधारण १० ते १५ ओहमची असते, ती मोजायला हरकत नाही. ईसीयूच्या कनेक्टरमध्ये मात्र पिना खुपसू नका, आतली टर्मिनलं रुंदावतात आणि नसलेला दोष कायमचा जन्माला येतो. बॅटरी पार मेली असेल तर एफआय गाडी बहुधा धक्क्यानेही लागत नाही, ईसीयू आणि पंप जागेच होत नाहीत.

पेट्रोल आणि कॉम्प्रेशनबद्दल मीटर मुका. किक-किक करूनही प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल येत नाही : टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, कॉक, कार्ब्युरेटरचा पायलट जेट, या क्रमाने बघा. प्लग भिजलेला असेल तर चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून पाच-सहा किका. किक हलकी, बिनदमाची लागत असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग, तिथून पुढे फिटरचं काम.

बनावट कशी आहे? किमतीला साजेशी. सोबतच्या वायरी पहिल्या तुटतात, तेही पिनच्या मुळाशी, आतून. आकडा उगाच नाचत असेल तर वायर हलवून बघा. शंभर-दीडशे रुपयांच्या सिलिकॉनच्या वायरी आणि क्रोकोडाइल क्लिप वेगळ्या घ्या, मीटर अर्धा सुधारतो. स्क्रीनला बहुधा लाइट नाही, रात्री रस्त्याच्या कडेला मोबाइलचा टॉर्च तोंडात धरावा लागतो. ट्रान्झिस्टरचं गोल सॉकेट गाडीच्या कामाचं नाही. चालू इंजिनवर प्लगच्या वायरीजवळ आकडे उड्या मारतात, मीटर तिथून फूटभर लांब ठेवा.

महिन्यातून एकदा बॅटरी बघायची आणि वर्षातून एखादा दोष शोधायचा, एवढ्यासाठी हा पुरेसा आहे. गॅरेज चालवत असाल किंवा दोन-तीन गाड्या स्वतः उघडत असाल, तर जास्त पैसे घालून आपोआप बंद होणारा, छोटी एसी रेंज असलेला, सगळ्या भोकांना फ्यूज असलेला मीटर घ्या. ऋषभ आणि मोटवाने या नाशिकच्याच कंपन्या मीटर बनवतात, त्यांच्या किमती या पिवळ्याच्या कितीतरी पट आहेत, पण काम त्या पातळीचं आहे. पिवळा घ्यायचा तर पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला समोर उघडून घ्या. पिना टेकवून २०० ओहमवर आकडा एकाच जागी स्थिर राहतो का ते बघा, वायरी मुळाशी वाकवून बघा, फिरकी प्रत्येक घरात ‘टक’ करून बसते का ते बघा, आणि दुकानदाराकडच्या नव्या सेलवर व्होल्ट मोजून मगच पैसे द्या.